उसनवारीची वही

रविवार, १४ जुलै २०२४

सकाळपासून रिपरिप. दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून कपाट उघडलं, आणि नाकात जो कुबट वास गेला त्यावरून कळलं की यंदा उशीर झाला. आमचं घर तळमजल्यावर, त्यात पुण्यातल्या एरंडवण्याची झाडी. पावसाळ्यात इथे लोणच्याच्या बरणीइतकीच काळजी सिनेमांच्या डिस्कची घ्यावी लागते. सत्तावीस डिस्कवर पांढुरकी बुरशी निघाली. कव्हरांतले कागद लिबलिबीत झालेले.

सगळ्या गादीवर मांडल्या. हिने दारातून एक नजर टाकली आणि "रात्री झोपायचं कुठे, तेवढं सांगून ठेव" म्हणत निघून गेली.

डिस्क पुसायची ती मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल गोल फिरवून पुसायची नाही. माहिती एकाच लांबलचक वेटोळ्या रेघेत भरलेली असते. आडवा ओरखडा गेला तर प्रत्येक वेढ्याचा इवलासा तुकडा जातो आणि प्लेअर तेवढं सांभाळून घेतो. रेघेच्या दिशेनेच ओरखडा गेला की सलग मजकूर जातो, मग चित्र अडकतं. व्हीसीडीची तऱ्हा आणखी वेगळी. डीव्हीडीत माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असते, व्हीसीडीत मात्र ती छापील बाजूला, लेबलाच्या लगेच खाली. म्हणजे आपण ज्या बाजूला बिनधास्त हाताळतो तीच नाजूक. हे कळेपर्यंत मी शंभरेक व्हीसीडींवर बॉलपेनने दाबून नंबर घातले होते. संग्राहकपणाचा उत्साह, दुसरं काय.

पुसता पुसता उसनवारीची वही सापडली. लाल पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. कोणाला काय दिलं, कधी दिलं, परत आलं की नाही. शेवटचा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा. २००७ च्या आसपासची पानं गच्च भरलेली आहेत. मोझर बेअर कंपनीने तेव्हा व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली होती. बटाटेवडा आणि चहाच्या हिशेबात सिनेमा यायला लागला, त्यामुळे द्यायलाही काही वाटत नसे. त्याच सुमाराला परदेशी सिनेमांच्या डीव्हीडी इथल्या दुकानांत रीतसर मिळू लागल्या. आणि रीतसर नसलेल्याही मिळत. त्यांच्याविषयी वहीत नोंद नाही, इथेही नको. बाकी जुन्या बाजाराने भागवलं. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांचा माल बुधवारी आणि रविवारी तिथे पोत्याने यायचा.

वहीत भाच्याचं पान आहे. तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. म्हणाला, "मामा, काहीतरी क्लासिक दे." मी त्याला रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'मिरर' दिला. का दिला? कारण त्या महिन्यात मला तो आवडत होता. चार दिवसांनी डिस्क परत आली, फडक्यात गुंडाळून. "छान होता," म्हणाला. पानाफुलांचं शूटिंग छान होतं, असंही म्हणाला. पुढची दोन वर्षं त्याने माझ्याकडे सिनेमा मागितला नाही.

मग तो एका ट्रान्सपोर्ट कंपनीत लागला. गाड्या, घाट, ड्रायव्हर, वेळेवर न पोचणारा माल, दिवसभर तेच. तेव्हा मी न मागता त्याच्या हातात क्लूझोचा 'द वेजेस ऑफ फिअर' ठेवला. १९५३ चा, कृष्णधवल, फ्रेंच. दोन ट्रक, त्यांत नायट्रोग्लिसरीन, खराब रस्ता, आणि पैशांसाठी जिवावर उदार झालेली चार माणसं. रात्री एक वाजता फोन. "मामा, तो लाकडी फळ्यांवरचा टर्न!" एवढंच बोलून ठेवला. ती डिस्क अजून त्याच्याकडेच आहे. मी मागत नाही.

मंगळवार, १६ जुलै

शेजारच्या काकूंची आठवण वहीतूनच निघाली, म्हणून संध्याकाळी डोकावलो. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मुलगा न्यू जर्सीला, मुलगी ठाण्याला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सहज विचारलं होतं, "तुझ्याकडे एवढे सिनेमे आहेत, माझ्याजोगतं काही आहे का रे?" हा प्रश्न मला अजून कोणी इतक्या नेमकेपणाने विचारलेला नाही.

तेव्हा जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' घेऊन गेलो होतो. तोही १९५३ चाच. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडे टोकियोला येतात, मुलांना वेळ नसतो, एवढीच गोष्ट. सबटायटल्स इंग्रजी, काकूंना भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होतो. वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू आता गप्प बस. कळतंय मला."

थोरली मुलगी शिगे नवऱ्यावर चिडते. त्याने आईवडिलांसाठी महागडे केक आणलेले असतात, एवढ्या खर्चाची काय गरज, असं तिचं म्हणणं. काकू हसल्या. "असतात अशा. आमच्याकडेही आहे एक." पुढे अतामीला, समुद्राकाठच्या धक्क्यावर दोघं सकाळी बसलेली असतात. उठताना म्हातारीचा जरासा तोल जातो. तो क्षण मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षातही आला नव्हता, नंतर कुठेतरी वाचून कळला. काकू तिथल्या तिथे म्हणाल्या, "चक्कर आली बघ. आता ही राहत नाही."

चित्रपट रसास्वाद शिबिरात ओझूचा खाली, चटईच्या उंचीवर ठेवलेला कॅमेरा मी वहीत आकृतीसकट उतरवून घेतला होता. काकू स्वतः जन्मभर पाटावर बसलेल्या. त्यांना त्या उंचीत वेगळं काही वाटलंच नाही.

आज गेलो तर म्हणाल्या, "ती म्हातारा-म्हातारीची बहिणीला दाखवायची आहे, ती येणार आहे शुक्रवारी." म्हणजे वहीत आणखी एक ओळ.

रात्री सत्यजित रायांच्या अपू चित्रत्रयीचा संच काढून पुसला. हा अमेरिकेहून आला, चुलतबहिणीच्या बॅगेतून, बदाम आणि चॉकलेटांच्या मध्ये. आमच्या घराण्यात अमेरिकेहून येणारं कोणीही आता विचारतं, "तुझ्या त्या तबकड्या किती आहेत?" पहिल्या खेपेला ब्लू-रे आली तेव्हा काय हरखलो होतो! प्लेअरमध्ये घातली तर पडद्यावर सूचना, ही डिस्क या विभागात चालणार नाही. अमेरिका ए विभागात, आपण सी विभागात. सिनेमा बंगालमधला, प्रेक्षक पुण्यातला, आणि मधे हे कुलूप. पुढे सगळे विभाग चालणारा सेकंडहँड प्लेअर मिळेपर्यंत आठ महिने ती डिस्क नुसती शोकेसमध्ये होती.

या संचामागची हकीकत मी सिनेमा हातात देण्याआधीच सांगतो. १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन लॅबोरेटरीला आग लागली, तीत रायांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. उपयोगाच्या नाहीत असंच सगळ्यांना वाटलं. तरी ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहालयाने ती जळकी रिळं टाकली नाहीत, ठेवून दिली. वीस वर्षांनी बोलोन्यातल्या प्रयोगशाळेत ती ठिसूळ झालेली फिल्म ओलावा देऊन मऊ करण्यात आली, हाताने सांधण्यात आली, मग स्कॅन. 'पथेर पांचाली'चा सुमारे चाळीस टक्के आणि 'अपराजितो'चा साठ टक्क्यांहून अधिक भाग असा वाचला. 'अपूर संसार'चं काहीच कामाला आलं नाही, तिथे दुसऱ्या प्रतींवरून भागवावं लागलं. भाचा म्हणतो, "मामा, ओटीटीवर असतं की सगळं." असतं, आणि एका सकाळी नसतं. पण त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही, तो अजून माझी डिस्क घेऊन बसलाय.

सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट. 'घाशीराम कोतवाल'वरचा चित्रपट, १९७६ चा, फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या मुलांच्या 'युक्त' या सहकारी संस्थेने केलेला. नाटक पुण्याचं, गोष्ट पेशव्यांच्या पुण्याची, पटकथा तेंडुलकरांची. त्याची प्रत जपली गेली ती बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेत, आणि तिथूनच तो डिजिटल होऊन पुन्हा लोकांसमोर आला. आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावं, कळत नाही. दोन्ही करतो.

बुधवार, १७ जुलै. आषाढी

साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, आणि दुपारी 'संत तुकाराम'. गेली दहा-बारा वर्षं आमच्याकडे आषाढीला हाच बेत असतो. पालखी पुण्यातून कधीच पुढे गेलेली असते, आई आता गुडघ्यांमुळे रस्त्यावर येत नाही, तेव्हा तुकाराम घरीच.

माझ्याकडची प्रत व्हीसीडीवरची आहे, दोन डिस्कची. आज कपाटात बसवताना नीट पाहिलं. कुरोसावा, ड्रायर, डी सिका हे परदेशी दिग्दर्शक सगळे स्वच्छ, पुनरुज्जीवित, आठ-आठ पानी पुस्तिकांसकट. जपानमधला दाणा न् दाणा दिसतो. आणि 'संत तुकाराम' काढणारी प्रभात कंपनी? आमच्या घरापासून चालत जावं एवढ्या अंतरावर प्रभातच्या माणसांनी हा सिनेमा उभा केला. तो स्टुडिओ म्हणजेच आजचं फिल्म इन्स्टिट्यूट. पलीकडे लॉ कॉलेज रस्त्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, १९६४ पासूनचं, जिथे पी. के. नायर आयुष्यभर मिळेल ते रीळ गोळा करत राहिले. सगळ्या कपाटात सगळ्यात जवळचा सिनेमा हा, आणि सगळ्यात पुसट प्रतही हीच. तुकाराम झालेल्या पागनीसांच्या चेहऱ्यावर पाऊस पडतोय असं वाटतं.

तरी आई डोळे बारीक करून बघते. ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी हा सिनेमा जिजाईसाठी बघा म्हणून सांगतो. गौरी नावाच्या बाईंनी ते काम केलं. त्या प्रभातमध्येच साध्या कामाला होत्या, नटी वगैरे नव्हत्या. मुलगा आजारी पडल्यावर ती हातात वहाण घेऊन थेट विठोबावर चालून जाते. तिथे आई दरवर्षी एकच वाक्य बोलते, "बरोबर आहे तिचं." आषाढीच्या दिवशी, उपास धरून. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या सिनेमाचा गौरव झाला होता हे मी तिला अनेकदा सांगितलंय. तिला त्याचं विशेष नाही. तिला 'आधी बीज एकले'चं आहे. ते शांताराम आठवल्यांचं गाणं, पण लोक ते गाथ्यात शोधत बसले होते, इतकं हुबेहूब उतरलं. आईसुद्धा कितीतरी वर्षं ते तुकोबांचंच मानत होती. खरं कळल्यावर म्हणाली, "मग काय झालं?"

आज नेमकं तेच गाणं सुरू झालं आणि चित्र अडकलं. पागनीसांच्या चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले, आवाज कापला, प्लेअर घर्रघर्र करायला लागला. मला लगेच उमगलं काय ते. डिस्क काढून उलटी केली. लेबलावर निळ्या बॉलपेनने, चांगला दाब देऊन, वीस वर्षांपूर्वी मी घातलेला नंबर. ४१. चारच्या पोटाशी उजेडात धरल्यावर बारीक चीर दिसत होती.

पुसून उपयोग नव्हता, तरी पुसली. मधून कडेकडे. पुन्हा घातली, थोडी मागे नेली. पुन्हा तिथेच चौकोन. मी रिमोटशी झटत होतो तेवढ्यात मागून आवाज आला. आई गात होती. मान किंचित कलती, एक हात मांडीवर ठेका धरून, रताळ्याची ताटली दुसऱ्या हातात तशीच. टीव्हीवर चेहरा गोठलेला आणि गाणं चालूच.

मग प्लेअरने एकदम उडी मारली आणि पागनीसांना कंठ फुटला. आई एक ओळ पुढे निघून गेली होती. ती थांबली, त्यांना गाठू दिलं, आणि पुढची ओळ दोघांनी बरोबर घेतली.