भंगारातली ऐरण, पण गॉगल नवा कोरा

लोहारकामाचा छंद इंदूरमध्ये तसा स्वस्तात भागतो. सियागंजात हार्डवेअरची रांगच्या रांग आहे, सांवेर रोडला कारखाने आहेत, पीथमपूरहून भंगार येतच असतं. आमच्या राजेंद्रनगरच्या घरामागे पत्र्याची एक शेड रिकामी होती आणि बँकेच्या नोकरीत रविवार तरी आपला असतो. नव्या ऐरणीचा भाव ऐकल्यावर घरातून एवढंच म्हणणं आलं की छंद आहे तर छंदाच्याच किमतीत बसव. म्हणून जुन्या बाजाराची वाट धरली.

ऐरण शोधण्यातच बराच काळ गेला. जुन्या बाजारात ऐरणी दिसतात, पण त्यातल्या कितीतरी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या असतात. वरून काळा रंग मारला की पोलादाची आणि बिडाची ऐरण शेजारी शेजारी सारखीच दिसते. शेजारचे काका पीथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला बेअरिंगची एक गोळी आणि सहा इंची पट्टी खिशात ठेवायला सांगितलं. पट्टी ऐरणीवर उभी धरायची, तिच्या टोकाच्या उंचीवरून गोळी सोडायची आणि किती उसळते ते बघायचं. सहा इंचांवरून सोडलेली गोळी साडेचार-पाच इंच वर आली तर ऐरणीचं तोंड, म्हणजे वरचा सपाट भाग, कडक आहे. दोन-तीन इंचांतच दम सोडला तर ते बीड, किंवा कधीतरी आगीत सापडून मऊ पडलेलं पोलाद. शिवाय तोंडावर सगळीकडे सोडून बघायची, कारण कडा तुटल्यावर वेल्डिंगने भरलेल्या जागी गोळी वेगळीच वागते. मी एका दुकानात हा प्रकार मन लावून करत होतो तेव्हा दुकानदार म्हणाला, "भिया, ऐरन लेने आए हो कि कंचे खेलने?" त्याची ऐरण बिडाची निघाली. भाव मात्र पोलादाचा होता.

मग सगळे सुचवतात तो रेल्वे रुळाचा तुकडा. वस्तू उत्तमच. आपल्याकडचे मोठ्या मार्गांवरचे रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचे असतात, म्हणजे फूटभर तुकडाही १६ ते १८ किलो भरतो. पण हा तुकडा कुणाच्या अंगणात कसा आला, याचा कागद जवळ लागतो. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ असा कायदा आहे. चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला रेल्वेचा माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर मिळवला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, आणि पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रेल्वे स्वतःचं भंगार लिलावाने विकते, त्या साखळीतला माल पावतीसह मिळाला तर प्रश्न नाही. मला दाखवलेल्या तुकड्याची पावती विचारली तर भंगारवाल्याने तो परत गोणीखाली सरकवला. बँकेत राहून फुकटचं लचांड कोण मागे लावून घेणार?

शेवटी घेतला तो कारखान्यातून कापून उरलेला गोल शाफ्टचा ठोकळा. सहा इंच व्यास, दहा इंच उंची, काट्यावर ३६ किलो. शिंगाची, देखणी ऐरण सिनेमात ठीक. घाव पडतो तो जेमतेम हातोडीच्या तोंडाएवढ्या जागेवर, आणि त्याखाली सरळ वस्तुमान असलं की झालं. आमच्याकडे रस्त्याकडेला पाल ठोकून बसणारे गाडिया लोहार पाहिले तर त्यांची ऐरण म्हणजे जमिनीत रोवलेला मुठीएवढा ठोकळाच असतो. त्यावर तवे, चिमटे, खुरपी, कुऱ्हाडी सगळं होतं.

त्यांच्याकडूनच सांडशी घेतली, म्हणून तिथे बसणं झालं. भाता फिरवायला मुलगा, लोखंड धरायला म्हातारा, आणि समोर उभी राहून घण घालणारी त्याची सून. घण डोक्यावरून येतो आणि म्हातारा प्रत्येक घावाच्या मधल्या क्षणात सांडशीने लोखंड पाव वळसा फिरवतो. त्याच्याकडे चष्मा नव्हता. पण एक गोष्ट लक्षात आली: तो विस्तवात टक लावून बघतच नाही. कोळशाच्या कडेने तिरकी नजर टाकतो, रंग ओळखतो, मान वळवतो. डोळ्यांबद्दल विचारलं तर हसला आणि मनगटावरचे पांढरे डाग दाखवले. पत्री उडते ती तिथेही बसते. (लोखंड तापलं की वर जो काळा पापुद्रा धरतो, ती पत्री. पहिल्या घावाला ती सगळीकडे उडते.)

बाकीची जुनी खरेदी पटापट झाली. ट्रकच्या कमानीचे पाटे किलोवर मिळाले, छिन्नी आणि चाकूंसाठी चांगलं पोलाद. घासून गुळगुळीत झालेल्या कानशी मिळाल्या, पण त्या काचेसारख्या ठिसूळ असतात. लाल करून राखेत सावकाश थंड केल्याशिवाय त्यांच्यावर हातोडी उगारायची नाही. हाताने फिरवायचा जुना ब्लोअर घेतला, त्याचे बुश बदलून घेतले. कोळसा लाकडी वापरतो. स्वच्छतेत पहिला नंबर लावणाऱ्या शहरात शेजाऱ्यांच्या गच्चीवर दगडी कोळशाचा धूर सोडला तर कचरागाडीवाला मलाच घेऊन जाईल.

हातोड्यांबद्दल मात्र थोडं थांबतो. जुन्या छिन्न्यांची आणि घणांची डोकी वर्षानुवर्षं मार खाऊन छत्रीसारखी पसरलेली असतात. त्या पसरलेल्या कडेचा कपचा पुढच्या घावाला गोळीसारखा सुटतो, आणि तो तापलेला नसल्यामुळे येताना दिसतही नाही. मी सगळी डोकी ग्राइंडरवर घासून कडेला उतार दिला, मगच शेडमध्ये आणली. हातोडीवर हातोडी मारायची नाही हेही त्याच कारणासाठी, कारण दोन्ही तोंडं कडक असतात. भंगारात फुकटात मिळणाऱ्या दोन गोष्टी नाकारल्या: जुने ॲस्बेस्टॉसचे हातमोजे, आणि जस्ताचा मुलामा असलेले पाइप. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आणि जस्त विस्तवात गेलं की त्याच्या धुराने थंडी वाजून ताप येतो.

आता गॉगल. ज्या भंगारवाल्याकडे ठोकळा मिळाला, त्याच्याकडेच एक खोका होता. बंद पडलेल्या ओतशाळेतला माल, "कोई भी उठा लो, बीस रुपये". त्यात निळ्या काचेचे गोल गॉगल होते, जाड चामड्याच्या कडांचे, दिसायला फारच ऐटबाज. हात गेला होता, खोटं कशाला सांगू. पण निळी काच म्हटल्यावर मला बी.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवलं. ज्योत परीक्षेत सोडियमचा पिवळा उजेड झाकायला आणि पोटॅशियमची ज्योत दिसायला आपण हीच कोबाल्टची निळी काच धरायचो. पोटॅशियमचा उजेड ७६६ ते ७७० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल रंगाच्या अगदी टोकाचा. तो त्या काचेतून आरपार येतो, याचा अर्थ लालच्या पलीकडचं इन्फ्रारेडही ती फारसं अडवत नाही. भट्टीवाले ती वापरायचे ती झगमगाट कमी होऊन आतलं दिसावं म्हणून.

आणि आपल्याला अडवायचंय ते नेमकं इन्फ्रारेडच. लोखंड १२०० अंशांना पिवळंधमक दिसतं, पण त्यातून निघणाऱ्या किरणांचा जोर असतो दोन मायक्रॉनच्या (दोन हजार नॅनोमीटरच्या) आसपास, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही. अतिनील किरण या तापमानाला नगण्य. ते इलेक्ट्रिक वेल्डिंगचं दुखणं. रोज विस्तवात बघून वर्षं काढणाऱ्या काचकामगारांना मोतीबिंदू लवकर होतो हे जुनं निरीक्षण आहे, आणि त्यावर उपाय म्हणून विल्यम क्रुक्स यांनी केलेल्या खास काचांवरचा त्यांचा लेख १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. रविवारी दोन तास ठोकणाऱ्याला तेवढा धोका नाही, पण टाकणखाराने (बोरॅक्सने) जोड लावताना पांढऱ्या उकळीपर्यंत तापवायचं तर नुसत्या पारदर्शक चष्म्यावर मी विसंबत नाही. सेफ्टी चष्म्याचं मजबूत प्लास्टिक, म्हणजे पॉलिकार्बोनेट, अतिनील अडवतं, जवळचं इन्फ्रारेड नाही. परदेशातले छंदी लोहार डिडिमियमच्या गुलाबी-जांभळ्या काचा मिरवतात. त्या टाकणखारातल्या सोडियमचा पिवळा झगमगाट छान कापतात, पण नुसतं डिडिमियम इन्फ्रारेड थांबवत नाही. तेवढ्यासाठी हजारो रुपये घालवणं मला पटलं नाही.

वेल्डिंगच्या हिरव्या काचा मात्र इन्फ्रारेडसाठीच केलेल्या असतात, आणि काच किती गडद ते सांगणारा शेड नंबर त्यांना असतो. तीन नंबरातून साधारण १४ टक्के उजेड येतो, पाच नंबरातून दोन टक्के. पाच नंबर लावून बघितला तर लोखंडाचा लाल आणि नारिंगी यांतला फरकच कळेना, आणि लोहारकाम म्हणजे तर रंगाचाच खेळ. तीन नंबर जमला. खोक्यातल्या गॉगलांमध्येही हिरव्या काचा होत्या, पण एकीवरही नंबर कोरलेला नव्हता. नुसता गडद रंग काय अडवतो, काय सोडतो, हे डोळ्यांनी कसं ओळखणार? उलट गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि न अडलेले किरण जास्तच आत शिरतात. ऐरणीची परीक्षा गोळीने जागच्या जागी होते. जुन्या गॉगलची काच आधी किती घाव खाऊन बसली आहे, प्लास्टिकची असेल तर कुणी ती ॲसिटोनने पुसून आतून तडकवली आहे का, रबरी पट्टा कुजलाय का, हे तो तोंडावर फुटल्यावरच कळतं. वीस रुपये वाचवून मी तो खोका तसाच ठेवला.

नवे दोन घेतले. एक पारदर्शक, बाजूला आडोसा असलेला, ठोकताना आणि ग्राइंडरवर. दुसरा पुढची तीन नंबरची काच वर उचलता येणारा, आत साधी पारदर्शक काच: विस्तवात बघताना खाली, ऐरणीवर वळताना वर. सेफ्टीच्या दुकानात "सब सेम है" ऐकून घ्यायचं आणि काच उजेडात तिरकी धरून शिक्का वाचायचा. भारतीय मानक आयएस ५९८३, अमेरिकन झेड ८७ (पुढे अधिकचं चिन्ह असेल तर जोरदार आघाताची चाचणी झालेली), किंवा युरोपियन ईएन १६६. युरोपियन शिक्क्यात 'एफ' असेल तर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने सोसलेली असते, 'बी' असेल तर १२० मीटर. चष्म्याच्या घाटणीला 'एफ' पर्यंतच मिळतो, 'बी'साठी चेहऱ्याला घट्ट बसणारा गॉगल लागतो. शिक्का नसलेला माल तीस रुपयांनी स्वस्त होता.

माझी खरी अडचण नंबराच्या चष्म्याची. गॉगल वर चढवला की आत वाफ धरते. म्हणून पॉलिकार्बोनेटमध्येच नंबर करून घ्यायला एका चष्मेवाल्याकडे गेलो. त्याने "अनब्रेकेबल" म्हणून जे दिलं, त्याच्या पाकिटावर अपवर्तनांक (काच उजेड किती वाकवते तो आकडा) १.५० छापलेला. पॉलिकार्बोनेटचा १.५९ असतो, आणि १.५० म्हणजे साधं सीआर-३९, रोजच्या चष्म्याचं प्लास्टिक. परत केल्यावर पैसे मिळाले नाहीत, पुढच्या खरेदीची चिठ्ठी मिळाली. शिवाय काच कितीही चांगली असली तरी नेहमीच्या फ्रेमची खाच उथळ असते, आघाताने काच निसटून डोळ्याकडेच येते. शेवटी चष्म्यावरून बसणारा, वर वाफेसाठी भोकं असलेला रुंद गॉगल घेतला. दिसतो कोळ्याच्या जाळ्यातल्या माशीसारखा, पण काम करतो.

काकांनी एक गोष्ट बजावून ठेवली आहे. डोळ्यात कण गेलाच तर चोळायचा नाही, आणि काडीला कापूस गुंडाळून कण काढून देणाऱ्याकडे जायचं नाही. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला तर काही तासांत भोवती गंजाचं कडं धरतं, ते डोळ्यांच्या डॉक्टरनेच काढायचं. आणि पुढेमागे एमआरआयची वेळ आली तर आपण धातूकाम करतो हे आधी सांगायचं, डोळ्यात राहिलेला कण चुंबकाने हलतो.

सध्या नजर एका लोहारी व्हाइसवर (लोखंड घट्ट पकडून ठेवायच्या शिकंज्यावर) आहे, लांब पायाची, जमिनीवर टेकणारी. भंगारवाला चार हजार म्हणतो, स्प्रिंग गायब आहे, स्क्रूच्या आट्या मात्र शाबूत. मी अडीच हजारांवर अडून बसलोय. स्प्रिंग कमानीच्या पाट्याची करता येईल.