पडद्यावरच्या कटवर सम गाठताना

मिशेल फान डेर आ हा डच संगीतकार आधी ध्वनिमुद्रण शिकला, मग फिल्म दिग्दर्शन. ‘अप-क्लोज’ या त्याच्या रचनेत मंचावर चेलोवादक आणि तंतुवाद्यवृंद असतो, पडद्यावर एक वृद्ध स्त्री, आणि दोन्हींची वेळ एकमेकींत गुंफलेली. संगीतरचनेसाठीचा २०१३चा ग्रॉमायर पुरस्कार या रचनेला मिळाला. पडद्यावरच्या चित्राशी वेळ जुळवून मंचावर वाजवण्याचं हे काम नाशिकच्या वादकांनी करून बघायलाच हवं. दादासाहेब फाळक्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ इथल्याच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीचा. मूकपट असल्यामुळे संगीताला मोकळं रान आहे.

आधी चित्राची फाइल कायम करा. तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवत, म्हणून एकाच मूकपटाच्या प्रती वेगवेगळ्या वेगाने चालताना दिसतात. सेकंदाला २४ फ्रेमची (चौकटींची) फाइल २५ने चालली तर दहा मिनिटांत २४ सेकंद खाते. फाइल बदलली की सगळा हिशेब पुन्हा.

हिशेब सोपा आहे. २४ फ्रेमच्या फाइलमध्ये मिनिटाला १४४० फ्रेम असतात; त्यांना लयीने, म्हणजे मिनिटाच्या मात्रांनी, भागा, एका मात्रेच्या फ्रेम मिळतात. लय ९६ धरली तर मात्रेला १५ फ्रेम आणि तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन बरोबर दहा सेकंदांचं. ४० सेकंदांचा प्रसंग चार आवर्तनांत बसतो. प्रसंग ४३ सेकंदांचा निघाला तर लय ८९.३ करा. शेवटी तिहाई (तीनदा वाजून समेवर येणारा तुकडा) ओढून-ताणून बसवू नका, ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

खरी अडचण क्लिकची, म्हणजे लय दाखवणाऱ्या टकटकीची. चेलोवादकाला कानातली टकटक पुरते, कारण पुढ्यात स्वरलिपी असते. तबलजीला ती मात्रा दाखवते, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, दाखवत नाही. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तर दोन टकटकींमधल्या जागेत लय डळमळते. म्हणून कानात नगमा, म्हणजे लेहरा द्या: आवर्तनभराची, पुन्हापुन्हा वाजणारी धून. त्याच लयीवर, टकटकीला धरून हार्मोनियमचा लेहरा रेकॉर्ड करा आणि चित्र सुरू होण्याआधी त्याचं एक पूर्ण आवर्तन नुसतं वाजू द्या. लेहऱ्याचा षड्ज मंचावरच्या तानपुऱ्याचाच हवा, नाहीतर साथीदार बेसूर होतात. हेडफोन बंद पाठीचा, एकाच कानावर, आणि वायरचाच. ब्लूटूथ आवाज उशिरा पोचवतो.

चित्र आणि लेहरा एकाच लॅपटॉपच्या एकाच टाइमलाइनवरून सोडा. चार आउटपुटचा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज वेगवेगळ्या वाटांनी बाहेर काढणारी पेटी) पुरतो: १-२ सभागृहाला, ३ हेडफोनला.

प्रोजेक्टर चित्र थोडं उशिरा दाखवतो. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात तालीम मिळाली की एका फ्रेमची पांढरी चमक आणि तिच्याबरोबर ‘टक्’ असा आवाज सोडा, आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. मोबाइल मधल्या रांगेत ठेवा: स्पीकरपासून १७ मीटरवर आवाजही ५० मिलिसेकंद उशिरा येतो, तेवढी चूक आपोआप भरून निघते. उरलेल्या फरकाइतका उशीर सभागृहाच्या आवाजाबरोबर लेहऱ्यालाही द्या, कारण तबलजी त्याच्याच मागून चालणार आहे.