पाच बिया पुढच्या वर्गासाठी

जपानी शाळांमध्ये हिवाळ्याच्या सुट्टीनंतर सुरू होणाऱ्या शेवटच्या सत्राविषयी एक म्हण शिक्षकांच्या तोंडी नेहमी असते: जानेवारी जातो, फेब्रुवारी पळतो आणि मार्च निघून जातो. जपानीत या महिन्यांची नावे आणि त्यांची क्रियापदे एकाच अक्षराने सुरू होतात. इचिगात्सु इकु, निगात्सु निगेरु, सांगात्सु सारु. मात्सुमोतोच्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजीची साहाय्यक शिक्षिका म्हणून काम करताना पहिल्या वर्षी मला या म्हणीतली केवळ अक्षरांची गंमत कळली होती. दुसऱ्या वर्षी तिचा अर्थ अंगावर आला, कारण एप्रिलमध्ये मला त्याच शहरातल्या दुसऱ्या शाळेत जायचे होते आणि ही गोष्ट मुलांना अद्याप सांगायची नव्हती.

मात्सुमोतो हे नागानो प्रांतातले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, डोंगरांच्या मधल्या सपाटीत वसलेले आहे. पश्चिमेला जपानच्या उत्तर आल्प्स पर्वताची रांग उभी असते आणि स्वच्छ सकाळी शाळेच्या वरच्या मजल्यावरून 2857 मीटर उंचीचे जोनेन शिखर त्रिकोणी पांढऱ्या पाटीसारखे दिसते. जपानमध्ये शैक्षणिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊन 31 मार्चला संपते, त्यामुळे शाळेचा निरोप आणि साकुराचा, म्हणजे चेरीच्या फुलांचा, बहर यांची सांगड चित्रांत आणि पोस्टकार्डांत कायमची बसलेली आहे. मात्सुमोतोत मात्र साकुरा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्याच्या पुढेमागे फुलतो. इथला निरोप उघड्या फांद्यांखाली, कधी कधी तर विरघळत्या बर्फाच्या चिखलात होतो. फुले पाहायला मिळतात ती नव्याने येणाऱ्यांना. मला हा क्रम अधिक योग्य वाटतो.

आपल्याकडे शाळेचे वर्ष संपते ते परीक्षेच्या ताणात, आणि पेपर संपला की मुले दप्तर फेकून मोकळी होतात. इथल्या प्राथमिक शाळेत वरच्या वर्गात जाणे वार्षिक परीक्षेवर अवलंबून नसते, सगळी मुले पुढे जातात. त्यामुळे शेवटच्या सहा आठवड्यांत जी जागा मोकळी होते, ती शाळा एका वेगळ्याच विषयाला देते. वर्ष नीट संपवायचे कसे, हाच तो विषय. त्याचा सराव असतो, त्यात चुका होतात आणि त्या पुन्हा दुरुस्त करून घेतल्या जातात. सहावीच्या मुलांचा निरोप समारंभ, ज्याला सोत्सुग्योशिकि म्हणतात, त्यासाठी कितीतरी तास सभागृहात केवळ उभे राहणे, वाकून नमस्कार करणे, काटकोनात वळणे आणि प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेणे यांचा सराव चालतो. पहिल्या वर्षी मला हे सारे फार काटेकोर वाटले होते. पुढे लक्षात आले की ज्या मुलाला काय करायचे ते पुरते ठाऊक आहे, त्याला त्या दिवशी रडू आले तरी त्याचे पाय बरोबर जागी पडतात. हा सराव मुलांना केवढा मोठा आधार असतो, हे त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवर दिसते.

माझा जीव मात्र पहिलीच्या वर्गात अधिक गुंतला होता. देशाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे 2020 पासून तिसरी-चौथीला वर्षाला 35 तास परकीय भाषेची तोंडओळख आणि पाचवी-सहावीला 70 तास रीतसर विषय असतो. पहिली-दुसरीला त्याचे बंधन नाही. तरीही आमच्या शाळेत महिन्यातून एखादा 45 मिनिटांचा तास मला पहिलीवर मिळत असे, आणि त्या तासाला काही गाठायचे नसल्यामुळेच तो सर्वांत मोकळा असे. फेब्रुवारीत वर्गशिक्षिकांनी फळ्याशेजारी एक कॅलेंडर टांगले. वर्गात 28 मुले, म्हणून शेवटच्या 28 दिवसांची 28 पाने आणि प्रत्येक पान एकेका मुलाने रंगवलेले. मधोमध उरलेल्या दिवसांचा आकडा आणि खाली त्या मुलाने सर्वांसाठी लिहिलेली एक ओळ. ‘आज सगळ्यांशी एकदा तरी बोलू या’, असे 19 व्या पानावर होते. 11 व्या पानावर ‘आज जेवण उरवायचे नाही’ असे लिहून त्याखाली वाटीचे चित्र काढले होते. सकाळच्या हजेरीनंतर ज्याचे पान असेल तो मुलगा पुढे येऊन ते वाचत असे आणि मग दिवसभर वर्ग खरोखरच त्या ओळीप्रमाणे वागण्याची खटपट करीत असे.

याच वर्गाने मे महिन्यात आपापल्या निळ्या कुंडीत आसागाओ पेरले होते. आसागाओ म्हणजे मॉर्निंग ग्लोरी, आपल्या गारवेलीच्या कुळातली वेल. तिच्या जपानी नावाचा शब्दशः अर्थ ‘सकाळचा चेहरा’ असा होतो. फार पूर्वी, नारा काळाच्या म्हणजे आठव्या शतकाच्या सुमारास, ती चीनहून औषध म्हणून जपानात आली, कारण तिच्या बिया रेचक आहेत. म्हणूनच बिया तोंडात घालायच्या नाहीत, ही सूचना वर्गात वारंवार दिली जाते. जपानभर पहिलीची असंख्य मुले ही वेल लावतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंडी घरी नेऊन सांभाळतात आणि शरद ऋतूत बिया गोळा करतात. वाळलेले बोंड चिमटीत दाबले की त्याचे तीन कप्पे उघडतात आणि प्रत्येकात दोन, अशा सहा काळ्या बिया तळहातावर पडतात. एक बाजू गोल आणि दोन बाजू सपाट, अगदी संत्र्याच्या फोडीसारख्या. ऑक्टोबरात आम्ही याच बिया दहा-दहांच्या ढिगांत मांडून इंग्रजी आकडे मोजले होते, आणि एका मुलाचा ढीग शंभराच्या पुढे गेला तेव्हा मला त्यांना त्या वर्गापुरता न ठरवलेला आकडाही शिकवावा लागला.

फेब्रुवारीच्या अखेरीस या बियांचे खरे काम सुरू झाले. कागदाच्या घडीची पाकिटे, प्रत्येकात पाच बिया, वर फुलाचे चित्र आणि खाली नुकत्याच पक्क्या झालेल्या हिरागाना या जपानी लिपीच्या अक्षरांत लिहिलेले ‘नव्या पहिलीला’. बालवाडीतली मुले एका सकाळी शाळा पाहायला आली, तेव्हा ही पाकिटे त्यांना द्यायची होती. पाहुणी मुले गळ्यात नावाच्या पट्ट्या घालून सभागृहात शिरली आणि आमची पहिली, जी अकरा महिन्यांपूर्वी स्वतःच दारात बुटांच्या फडताळापुढे गोंधळून उभी होती, ती ओळीने पुढे होऊन एकेका पाहुण्याचा हात धरून त्याला वर्गात घेऊन गेली.

तो तास मी भिंतीला टेकून नुसता पाहिला. माझ्या शेजारच्या बाकावर एका मुलाने आपले रान्दोसेरु, म्हणजे पाठीवरचे ते टणक दप्तर, पाहुण्या मुलीच्या खांद्यावर चढवून दिले. मग दोन पावले मागे जाऊन, गुडघे वाकवून, तो तिच्या डोळ्यांच्या उंचीला आला आणि ‘जड आहे का?’ असे विचारले. हे गुडघे वाकवणे त्याच्या वर्गशिक्षिकांचे होते. रडणाऱ्या किंवा रुसलेल्या मुलाशी बोलताना त्या नेहमी तसेच बसतात. पाहुणी मुलगी अगदी हळू आवाजात काही पुटपुटली, तेव्हा त्याने कानामागे तळहात धरून मान किंचित वाकवली, आणि हे मात्र माझे होते. ‘तुझे ऐकते आहे, पुन्हा सांग’ हे जपानी शब्दांवाचून सांगण्यासाठी पहिल्या दिवसांत मी ती खूण वापरू लागले होते. मी ती कधी शिकवली नव्हती. इंग्रजीचे शब्द मी मुलांच्या कानांवर वर्षभर घातले होते, त्यांपैकी किती टिकतील ते सांगणे अवघड आहे. तो हात मात्र त्याने उचलला होता, आणि जपूनही ठेवला होता.

लहान मुले ऐकून आणि पाहून शिकतात हा विचार या शहराला नवा नाही. व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी 1946 मध्ये मात्सुमोतोला आले आणि मूल मातृभाषा ज्या रीतीने, सतत ऐकून आणि आवृत्ती करून, आत्मसात करते त्याच रीतीने संगीतही शिकू शकते, ही आपली पद्धत त्यांनी इथेच वाढवली. आज ती जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. शहरात पाठीवर छोट्या व्हायोलिनची पेटी घेतलेले मूल दिसले, की मला ती सकाळ आणि तो कानामागचा हात आठवतो.

समारंभानंतरच्या एका रिकाम्या दुपारी मी किल्ल्याच्या उत्तरेला असलेली जुनी काइची शाळा पाहायला गेले. 1873 मध्ये स्थापन झालेल्या या शाळेची इमारत 1876 मध्ये उभी राहिली. स्थानिक सुतार तातेइशी सेइजू यांनी तोक्योला जाऊन पाश्चात्त्य धाटणीच्या इमारती पाहिल्या आणि परत येऊन आपल्या हातच्या जपानी कसबातून ही शाळा घडवली. छतावर अष्टकोनी मनोरा, दारावर शाळेच्या नावाची पाटी धरलेले दोन पंखवाले देवदूत आणि त्यांच्याखाली खास जपानी नक्षीचा ड्रॅगन. या सर्वांहून मला भिडली ती एक नोंद: बांधकामाच्या खर्चापैकी सुमारे 70 टक्के रक्कम गावातल्या लोकांनी वर्गणीतून उभारली होती. 1963 पर्यंत इथे प्रत्यक्ष वर्ग भरत होते, आणि 2019 मध्ये आधुनिक काळातील शालेय इमारतींपैकी पहिलीच म्हणून तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. परतताना काळ्या किल्ल्याच्या खंदकाकाठी थांबले. बाहेरून पाच आणि आतून सहा मजल्यांचा हा किल्ला विसाव्या शतकाच्या प्रारंभी एका बाजूला कलला होता. त्याच्या डागडुजीसाठी लोकांना एकत्र करण्यात कोबायाशी उनारी हे इथल्या माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक पुढे होते, आणि ते काम 1903 पासून 1913 पर्यंत चालले. किल्ल्याची ओळख सरदारांच्या नावांनी करून दिली जाते. मला तो तेव्हापासून एका शिक्षकाचाही वाटतो.

शेवटच्या आठवड्यात वर्ग हळूहळू उघडा पडत गेला. भिंतीवरची चित्रे उतरली, रंगांच्या पिशव्या आणि सुरपेट्या घरी गेल्या, आणि मुलांनी बाके बाहेर काढून, गुडघ्यांवर बसून, ओल्या फडक्यांनी लाकडी जमीन रांगेने पुसून काढली. एका मुलीने भिंतीच्या कोपऱ्यातली खिळ्याएवढी जागा नखाला फडके गुंडाळून साफ केली, कारण ‘पुढची पहिली इथे बसणार आहे’. दप्तरांवरची पिवळी आवरणेही याच दिवसांत निघाली. रस्त्यावर वाहनचालकांना पहिलीचे मूल लांबून ओळखता यावे म्हणून ती वर्षभर लावलेली असतात. आवरण निघाल्यावर खालचे दप्तर वर्षापूर्वीइतकेच नवे दिसत होते, आणि ते घेऊन चालणारे मूल मात्र अचानक मोठे.

रोज शाळा सुटताना मुले उभी राहून एका सुरात ‘सेन्सेई, सायोनारा; मिनासान, सायोनारा’ म्हणतात. सेन्सेई म्हणजे शिक्षक, मिनासान म्हणजे सगळेजण. एरवी मोठी माणसे एकमेकांना सायोनारा क्वचितच म्हणतात, त्यात दीर्घ ताटातुटीची छटा आहे. सकाळी घरून निघताना मात्र प्रत्येक मूल ‘इत्तेकिमासु’ म्हणते, आणि त्याचा अर्थ तंतोतंत आपला ‘जाऊन येते’ असा आहे. ‘जाते’ असे म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, हे मला लहानपणी आजीने शिकवले होते. इतक्या दूरच्या भाषेत तेच संकोचाचे आणि मायेचे व्याकरण सापडावे, याचा आनंद मला दोन वर्षे पुरला.

बदल्यांची यादी मार्चच्या अखेरीस स्थानिक वर्तमानपत्रात छापून येते, कारण शिक्षक प्रांताच्या सेवेत असतात आणि काही वर्षांनी शाळा बदलतात. मी त्या यादीतली नसले तरी जाणाऱ्या शिक्षकांच्या निरोपाला मलाही व्यासपीठावर बोलावले. सुट्टीतही मुले आली होती. मी पाठ केलेली चार जपानी वाक्ये बोलले आणि शेवटी सायोनारा न म्हणता ‘इत्तेकिमासु’ म्हणाले. व्याकरणाच्या काटेकोर दृष्टीने ते तिथे बसते की नाही याचा मी विचार केला नव्हता, पण सभागृहातून ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन ये’, असे उत्तर सर्वांच्या गळ्यातून आले, आणि तेव्हा मला खाली मान घालावी लागली.

बाहेर बुटांच्या फडताळापाशी तीच नखाने कोपरा पुसणारी मुलगी थांबली होती. तिच्या हातात बियांचे एक पाकीट होते. बालवाडीतले एक मूल त्या दिवशी आजारी असल्यामुळे ते उरले होते, आणि वर्गशिक्षिकांना विचारून तिने ते माझ्यासाठी ठेवले होते. मला नव्या शाळेत किंवा घरच्या गच्चीत पेरता येईल, असे ती म्हणाली. मग तिने सूचना दिल्या. आताच पेरायचे नाही, मे महिन्यात पेरायचे, कारण त्याआधी थंडी असते. तोंडात घालायचे नाही. मातीत बोट खुपसून भोक करायचे, पहिल्या सांध्यापर्यंत, आणि एका भोकात एकच बी. तिने स्वतःची तर्जनी वर धरून तो सांधा मला दाखवला. मग माझा हात हातात घेऊन माझे बोट आपल्या बोटाशेजारी लावले, दोन्ही सांध्यांतले अंतर बराच वेळ पाहिले आणि माझ्या नखाच्या बुडाशी आपले बोट टेकवून म्हणाली, ‘सेन्सेईंनी इथपर्यंतच.’