बापूकाकांची खुर्ची

माळ्यावरच्या ट्रंकेत ताईच्या लग्नाची कॅसेट सापडली. लग्न १९९३ चं, चिपळूणचं. म्हणजे तीसेक कोकणी पावसाळे खाल्लेली. म्हणून आधी ती उजेडात धरून रिळावर पांढुरकी झाक आहे का ते बघितलं. ती असली तर बुरशी. तशीच लावली तर व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे टेपवरचं चित्र वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटचीही वाट लावते. आमची कोरडी निघाली.

व्हीसीआर मित्राकडून मागून आणला. (नवा मिळायचं नावच नको, शेवटपर्यंत तग धरलेल्या जपानच्या फुनाईनेही २०१६ च्या जुलैत ते बनवणं बंद केलं.) कॅसेट लावली तर पडदाभर मुंग्या. पडदाभर सारख्याच मुंग्या म्हणजे बहुधा हेड घाण. झाकण उघडलं, कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला (हेड ज्यावर बसवलेलं असतं त्या फिरत्या नळकांड्याला) टेकवली आणि ड्रम बोटाने हळूहळू फिरवला. पट्टी काळी झाली. कापूस घ्यायचा नाही, त्याचा धागा हेडमध्ये अडकतो. आणि वर-खाली घासायचं तर मुळीच नाही, हेडचं टोकच तुटतं.

मग मंगलाष्टका ऐकू आल्या, पण भटजींच्या पोटावरून मुंग्यांचा आडवा पट्टा. हे ट्रॅकिंग. टेपवर चित्र तिरक्या रेघांत असतं, एकेक रेघ जेमतेम केसाएवढी. टेपच्या खालच्या काठावर वेगळ्या खुणा असतात. हेडने कुठल्या क्षणी रेघेवर यायचं ते मशीन त्यांवरून ठरवतं. शूटिंगवाल्याचं मशीन एक, आपलं दुसरं, त्यामुळे हेड रेघेवरून जरासं घसरतं. ट्रॅकिंगचं बटण दाबत राहिलो. अंतरपाटाच्या आधी तो पट्टाच दूर झाला.

तरी चित्राचा वरचा भाग उजवीकडे कललेलाच. अख्खं वऱ्हाड मान वाकडी करून उभं! टेप ताणली गेली की असं होतं. जुना डबा टीव्ही ते सांभाळून घ्यायचा, सपाट टीव्हीला तेवढा समजूतदारपणा नाही. मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला तेव्हा बहुतेकांच्या माना सरळ झाल्या. तळाशी एक फाटकी पट्टी राहिली, पण ती तेव्हाही होतीच. टीव्हीच्या चौकटीआड लपायची, एवढंच.

आता सगळे पंगतीची वाट बघत होते. तिथे बापूकाका जिलबीची चौथी फेरी सांगून मागे रेलतात आणि लोखंडी घडीची खुर्ची त्यांच्यासकट मिटते. लहानपणी आम्ही एवढंच बघायचो. मागे घ्यायचं, पुन्हा पाडायचं, आणि काका हवेत असताना पॉज करून लोळून हसायचं. पॉज केलं की टेप थांबते, पण ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतच असतो, त्याच एका जागेला घासत.

काका रेलले. पडदा फाटल्यासारखा झाला, करकर, मुंग्या, कोणाचा तरी अर्धा फेटा. ट्रॅकिंग पार या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघितलं. चित्र परत आलं तेव्हा काका उभे राहून धोतर झटकत होते.

आता ऐंशी पार केलेले काका सोफ्यावर माझ्या शेजारीच बसले होते.

"बघ," ते म्हणाले, "तेव्हापासून सांगतोय, मी पडलोच नव्हतो."