खाटकाच्या दुकानामागची गाडी

फेरारी-पोर्शेचा इतिहास वाचायला मला कधी फार मजा येत नाही, तिथे सगळंच भव्यदिव्य. मला आवडतात त्या कुणाच्या तरी परसात हौसेपायी सुरू झालेल्या छोट्या कंपन्या. सध्या डोक्यात गिलबर्न बसलीये. वेल्समधली, 1959 ते 1973, सगळा खेळ चौदा वर्षांचा.

झालं असं की पाँटिप्रिदजवळच्या चर्च व्हिलेजमध्ये जाइल्स स्मिथ नावाचा एक खाटीक होता, त्याला स्वतःसाठी एक किट कार, म्हणजे सुटे भाग आणून घरी जोडायची गाडी, जोडायची हौस आली. तेवढ्यात त्याची गाठ पडली बर्नार्ड फ्रीझ या जर्मन इंजिनियरशी, फायबरग्लासच्या कामात मुरलेला माणूस, स्वतःपुरती एक गाडी त्याने करूनही झालेली. मग दुसऱ्याचं किट कशाला आणायचं, आपणच करू की! पहिली गाडी दुकानामागेच तयार झाली, दोघांची नावं अर्धी अर्धी जोडून (Giles मधला Gil, Bernard मधला Bern) कंपनीचं बारसं झालं आणि बॅजवर वेल्सचा लाल ड्रॅगन बसला. पुढे जागा पुरेना म्हणून लँटविट फार्ड्रेला, कोळशाच्या जुन्या खाणीच्या आवारात बिऱ्हाड हललं.

आता खाटकाला गाडी करणं परवडलं कसं, तर फायबरमुळे. पत्र्याची बॉडी म्हणजे अवजड प्रेस आणि महागडे डाय, ते मोठ्या कंपन्यांनाच झेपतं. फायबरला एक साचा पुरतो. आत मेण घासायचं, जेलकोट, म्हणजे रेझिनचा वरचा गुळगुळीत थर, मारायचा, काचतंतूंची चटई अंथरून त्यावर ब्रशने रेझिन थापायचं, वाळलं की ओढून काढायचं, आपल्याकडे चित्ररथावरचे घोडे करतात तसंच. वासाने डोकं उठतं ते वेगळं. ही बॉडी पोलादी पाइपांच्या चॅसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, कायमची जोडलेली असायची, इंजिन मात्र बाहेरचं, सुरुवातीला ऑस्टिन-हीली स्प्राइटचं, मग एमजीचं, आणि 1966 च्या जीनी या मॉडेलपासून फोर्डचं तगडं तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही सिक्स.

पण खरी गंमत टॅक्समध्ये आहे. ब्रिटनमध्ये तेव्हा नव्या गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, 1959 साली घाऊक किमतीच्या तब्बल 50 टक्के! सुट्या भागांत घेऊन स्वतः जोडली तर मात्र माफ. आता पळवाट दिसली की माणूस घुसणारच, मग तो वेल्सचा असो नाहीतर आपल्या नाशिकचा. जोडणीची माहिती देणं नियमात बसत नव्हतं म्हणे, म्हणून लोटस या ब्रिटिश स्पोर्ट्स कार कंपनीवाले गाडी सुटी कशी करायची याचे कागद द्यायचे आणि गिऱ्हाईक ते उलटे वाचायचं, असा किस्सा सांगतात, खराखोटा देव जाणे. गिलबर्नचं किट तर इतकं तयार असायचं की त्याला किट म्हणायला जीभ अडखळावी. रंग मारलेला, आतलं अस्तर-गाद्या बसवलेल्या, वायरिंग केलेलं, आपण फक्त इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल, चाकं असं काय काय बसवायचं. म्हणजे टॅक्स वाचवायला अंगाला ग्रीस लावून घ्यायचं आणि वर पबात मी गाडी बांधली म्हणून मिरवायचं, ह्याहून चांगला सौदा कुठला!

1968 मध्ये कंपनी विकली गेली, घेणारा उद्योग जुगाराच्या मशिन्सचा, आणि आधी स्मिथ कंपनीतून बाहेर पडला, नंतर फ्रीझही. इन्व्हेडर नावाचं मॉडेल आलं, त्याची इस्टेट, म्हणजे मागे सामानाला लांब जागा असलेली गाडीही निघाली, माझ्या मते सगळ्यांत देखणी तीच. पण हाताने होणारं काम महाग पडत होतं, त्यात 1 एप्रिल 1973 ला परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि किटची सवलतच संपली. त्याच वर्षी गिलबर्न बंद. तोवर सगळ्या मिळून हजाराच्या आसपास गाड्या बाहेर पडल्या होत्या.

त्यातल्या काही अजून धावतात. फायबर गंजत नाही म्हणून वरून सगळं झकास दिसतं, पण आत पाइप पोलादी आणि पाऊस वेल्सचा, त्यामुळे कुणी विकायला काढलीच तर रंगाला भुलू नका, आधी जमिनीवर आडवं पडून चॅसी बघा.