व्होल्टमीटरचा काटा
आज जळगावच्या उन्हात, घरामागच्या निंबाच्या सावलीला गाडी लावून, मी तिला व्होल्टमीटर आणि दोन फॉग लॅम्प बसवले. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह ओढतात. एवढा भार डॅशबोर्डवरच्या लहान स्विचवर टाकणे मला पटत नव्हते, म्हणून मध्ये रिले (लहान प्रवाहाच्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घेतला आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावला, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार घासून बॉडीला टेकली तर तिला कोणतेच संरक्षण नसते. मीटरची जोडणी इग्निशनवरून, म्हणजे किल्ली फिरवल्यावरच वीज मिळणाऱ्या तारेवरून घेतली. पण मीटरचा काटा थरथरत होता. अर्थिंगची तार गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या बोल्टखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला, तेव्हा काटा स्थिरावला. इंजिन बंद असताना १२.६, चालू केल्यावर १४.१ व्होल्ट! पुढच्या आठवड्यात चाळीसगावहून कन्नड घाट रात्री चढायचा आहे.