थ्री पिन

दुपारी जेवून जरा लवंडले होते. फोन उशाशी, वायर ताणून भिंतीपर्यंत. डोळा लागतोय तोवर टप्प आवाज झाला. चार्जर बोर्डातून गळून पडला होता. मी उठले नाही. उठून काय होणार, ते पाठ झालं आहे. तो पुन्हा खोचायचा, किंचित उजवीकडे कलवायचा, फोनवर बॅटरीचं चित्र उजळलं की श्वास रोखून हात अलगद काढून घ्यायचा. मग पाय न वाजवता खोलीबाहेर जायचं. घराघरात याचे तोडगे असतात. कुणी वहीचा टेकू देतं, कुणी चार्जरला रबरबँड गुंडाळतं, आणि माझ्या एका मैत्रिणीकडे त्या बोर्डाखालीच एक स्टूल कायमचं ठेवलेलं आहे. पाहुणा त्यावर बसायला गेला की सगळं घर ओरडतं.

खरं तर यात चार्जरचा दोष नाही आणि बोर्डाचाही नाही. बऱ्याचशा चार्जरच्या पिना 4 मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे युरोपच्या मापाच्या असतात. आपल्या बोर्डाची भोकं 5 मिलिमीटरहून थोड्या जास्त जाड पिनांसाठी केलेली. दोन पिनांमधलं अंतर मात्र दोन्हीकडे 19 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून चार्जर आत जातो. आत गेल्यावर त्याला धरायला कुणी नसतं. बोर्डातली पितळी पत्ती नवी असते तोवर निभतं, ती सैलावली की टप्प.

पडल्या पडल्या मी बोर्डाकडे बघत राहिले. तशी मला ही खोडच आहे. कुठल्याही खोलीत शिरले की माझी नजर आधी भिंतींवरून खालच्या बाजूला फिरते. हॉटेलात गेले तर लोक खिडकीतून दिसणारा डोंगर बघतात, मी पलंगाच्या मागे पॉइंट आहे का ते बघते. मंगल कार्यालयात खुर्ची निवडते तीही भिंतीकडेची, आणि रेल्वेत खिडकीची जागा मिळाल्याचा आनंद तिथला पॉइंट चालू निघेपर्यंत मी पुढे ढकलते. पॉइंटची बटणं दिसली की ती कुठल्या भोकांची, याचा अंदाज बांधायचा. तो निम्म्या वेळा चुकतो, कारण बोर्ड बसवणाऱ्याच्या मनात काय होतं हे देवालाही माहीत नसतं.

तर त्या बोर्डावरचं वरचं भोक. खालची दोन रोज राबतात. वरचं सगळ्यांत मोठं, आणि आमच्या घरात त्याचा उपयोग म्हणजे पेनाची रिफिल खुपसणे. नव्या बोर्डांत खालच्या दोन भोकांवर आतून पडदा असतो, लहान मुलांनी काही घालू नये म्हणून. तो पडदा वरच्या पिनेनं उघडतो. चार्जरला वरची पिन नसते. मग आपण रिफिल, काडी, कानातलं काढायची काडी असं जे हाताशी असेल ते वर घालतो, पडदा सरकवतो आणि दोन पिनांचा चार्जर आत ढकलतो. ज्या मुलांसाठी पडदा केला ती समोर उभी राहून हे बघत असतात आणि शिकतात.

आजोळी असले पडदेबिडदे नव्हते. कराडच्या त्या घरात लाकडी बोर्ड होता, त्यावर काळी गोल बटणं, आणि भिंतीवरून लाकडी पट्टीत बसवलेली वायर गेलेली. बटण दाबलं की खट्‌ असा भरदार आवाज यायचा. दिवा लागला नाही तरी आवाजानं काम झाल्यासारखं वाटायचं. गणपतीत आरास असली की मामा माळ काढायचा. माळेला पिन कधीच नसे, असलीच तर ती गेल्या वर्षी दुसऱ्या कशाला तरी लावलेली. मामा वायरीची टोकं दातानं सोलायचा, तांब्याच्या तारा पिळून दोन भोकांत घालायचा आणि वर काडेपेटीच्या काड्या ठोकायचा. गुलाची टोकं मात्र आठवणीनं मोडून. ही त्याची सुरक्षिततेची कल्पना. आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, "अरे, पाटावर उभा राहा आणि मग हात लाव!" आमच्याकडे इस्त्रीसुद्धा पाटावर उभं राहूनच व्हायची. कपड्यांची घडी बिघडली तर चालेल, पाट सरकता कामा नये.

चाकूही तिथलाच आठवतो. जाड पिनांना मधोमध उभी चीर असायची, हल्लीही काहींना असते. पिन ढिली बसायला लागली की मामा चिरेत चाकूचं टोक घालून ती जराशी फाकवायचा, की पुढचे चार-सहा महिने बघायला नको. ती चीर कशाला, याचं उत्तर हल्ली फॉरवर्ड होऊन येतं: पितळ गरम झाल्यावर फुगतं, त्याला जागा. वाचायला बरं वाटतं. पण खरी गोष्ट मामाच्या चाकूला ठाऊक होती. चीर असली की पिन थोडी दबते आणि भोकात स्प्रिंगसारखी आवळून बसते.

आणि परसात, न्हाणीच्या मागे, एक खड्डा होता. त्यातून लोखंडी पाइपाचं तोंड वर आलेलं. आजोबा चैत्र-वैशाखात त्यात संध्याकाळी बादलीभर पाणी ओतायचे. मी बराच काळ समजत होते की तिथे काहीतरी लावलंय आणि ते उगवत नाहीये. ते अर्थिंग होतं, म्हणजे बोर्डातल्या वरच्या भोकाची वायर जमिनीत नेण्याची सोय: वस्तूच्या अंगात उतरलेली वीज माणसातून न जाता तिकडून जमिनीत जावी म्हणून. खाली मीठ आणि कोळसा भरलेला, वर माती. माती वाळली की वीज तिच्यात नीट मुरत नाही, म्हणून उन्हाळ्यात पाणी. गावात एकानं नवा फ्रीज घेतला होता, त्याला असलं काही केलं नव्हतं. तो फ्रीज करंट मारायचा. त्यांनी फ्रीज दुरुस्त केला नाही, दांड्याला एक नॅपकिन बांधला. पुढे त्या नॅपकिनवर भरतकामही झालं.

ही गोल पिनांची जात मूळची इंग्रजांची. त्यांचं ते मानक 1934 सालचं. आपण ती घेतली आणि छातीशी धरली. इंग्रजांनी मात्र 1947 सालीच चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं, पिनेच्या पोटात फ्यूज असलेलं. म्हणजे ज्या वर्षी ते इथून गेले त्याच वर्षी त्यांनी आपल्या घरच्या गोल पिनांनाही निरोप द्यायला घेतला, आणि आपण मात्र त्या ठेवून घेतल्या. आता आपली मावसबहीण पुण्याहून लंडनला मिक्सर घेऊन गेली की व्होल्टेज जुळतं, पिन जुळत नाही. दक्षिण आफ्रिकेत आपली जाडी, पंधरावाली पिन घराघरात चालते. आणि खुद्द इंग्लंडात ती कुठे उरली आहे, तर नाटकाच्या थिएटरात! रंगमंचावरच्या दिव्यांना अजून पंधरा अँपिअरची गोल पिन. कारण साधं आहे. पिनेतला फ्यूज ऐन प्रयोगात उडाला, तर छताच्या दांडीवर चढून तो बदलणार कोण? आपल्याकडच्या नाट्यगृहांतल्या मंडळींना हे सांगितलं तर ते म्हणतील, मग दुसरी कुठली असते?

पंधरा म्हटलं खरं, पण पिनेवर आता 16 लिहिलेलं असतं आणि छोटीवर 6. दुकानात जाऊन "सोळाचा टॉप द्या" असं म्हणून बघा. दुकानदार आधी तुमच्याकडे बघतो, मग आतल्या पोऱ्याला सांगतो, "पंधराचा दे रे एक." सरकारनं पैशाचं माप बदललं, वजनाचं बदललं, लोकांनी निमूटपणे ऐकलं. या एका अँपिअरला मात्र कुणी दाद दिलेली नाही.

वरच्या पिनेबद्दल माझ्या मनात आदर आहे, तो तिच्या लांबीमुळे. ती बाकीच्या दोघींपेक्षा लांब असते, म्हणून आत जाताना सगळ्यांत आधी टेकते आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटते. जाड असते, म्हणजे चुकून दुसऱ्या भोकात जायलाच नको. ज्यानं हे ठरवलं त्यानं अंधारात चाचपडणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. ज्यांना या पिनेची गरज नाही त्या वस्तूंवर तशी खूणही असते, चौकोनात चौकोन. चार्जर उलटा करून बघा, बारीक अक्षरांच्या गर्दीत सापडेल. मात्र धातूच्या अंगाचा लॅपटॉप दोन पिनांवर चार्जिंगला लावून त्याच्यावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. फार नाही, अगदी मुंगी चालल्याइतक्या. लेकीला वाटतं लॅपटॉपला आपला हात आवडतो. तीन पिनांची वायर लावली की ते प्रेम आटतं.

तर हे सगळं डोक्यात घोळत होतं, म्हणून परवा पंख्याच्या रेग्युलेटरसाठी वायरमन आला तेव्हा मी सहज विचारलं, "आपलं अर्थिंग नीट आहे ना हो?" त्यानं उत्तर दिलं नाही. पिशवीतून होल्डरला लावलेला एक बल्ब काढला. त्याच्या दोन वायरींतली एक उजव्या भोकात, म्हणजे फेजमध्ये, आणि दुसरी वरच्यात. बल्ब पिवळाधमक लागला. हॉलचा पॉइंट पास. (इमारत जुनी आहे. वीज जमिनीकडे गळायला लागली की आपोआप पडणारं बटण, म्हणजे ईएलसीबी, असतं तर बल्ब लागायच्या आधी तेच पडलं असतं.) हे भलतंच मजेशीर निघालं. मी त्याला घरभर फिरवलं. स्वयंपाकघरात लागला. फ्रीजला लागला. बाथरूममध्ये गीझरच्या पॉइंटला जरा मंद वाटला, पण लागला.

मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या पॉइंटला, लागला नाही. त्यानं वायर काढून पुन्हा घातली. नाही. मग बोर्ड उघडला. लाल वायर जागेवर, काळी जागेवर, आणि वरच्या भोकाच्या मागे नुसता गंजका स्क्रू. ही गॅलरी घर घेतल्यावर बंद करून घेतली होती आणि पॉइंट तेव्हाचा. ज्यानं काढला त्यानं वायर दोनच ओढल्या आणि वरून झाकण मात्र तीन भोकांचं छान लावलं.

"ताई, हा पॉइंट नुसता शोभेचा आहे," वायरमन म्हणाला.

आई रोज सकाळी त्या मशीनच्या झाकणावर ओला हात टेकून, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून समोरच्या गॅलरीतल्या काकूंशी बोलते. मशीन चालू असतं. कधी कधी अर्धा तास बोलते.

हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर मीटरपासून ओढावी लागेल, उद्या येतो, असं सांगून तो गेला. मी मशीनची पिन काढून ठेवली. आई म्हणाली, "इतकी वर्षं काही झालं नाही ते." त्याचा तो उद्या अजून उजाडायचाय. आई बादलीत कपडे घासतेय आणि माझ्याशी मोजकंच बोलतेय.